गाळा बंद झाल्यावर

साकीनाक्याच्या आतल्या गल्लीत, एका जुन्या औद्योगिक वसाहतीच्या तळमजल्यावर आमच्या कंपनीचे दोन गाळे होते, मधली भिंत पाडून एक केलेले. सगळे त्याला नुसतं 'गाळा' म्हणायचे. तिथे आम्ही व्हॉल्व्ह बनवायचो. घरातल्या नळाचे नव्हेत. रसायनांच्या कारखान्यांत ज्या जाड पाइपांतून वाफ नाहीतर आम्ल जातं, त्या पाइपांवर बसणारे. इंजिनिअरिंग झाल्यावर माझ्या वर्गातली बहुतेक मुलं सॉफ्टवेअरमध्ये गेली. मी मात्र मेकॅनिकलमध्येच राहायचं ठरवलं आणि इथे लागले. डिझाइनला मी एकटीच. ड्रॉइंग माझं, आणि ते बाहेर शॉपवर, म्हणजे मशीन चालतात तिथे, घेऊन जाऊन फोरमनशी भांडायचं कामही माझंच.

मला ते काम मनापासून आवडायचं. त्यातही टेस्टिंग. तयार व्हॉल्व्हमध्ये पाणी भरायचं, दाब चढवत न्यायचा आणि जोडांवर नजर ठेवून उभं राहायचं. कोणी बोलायचं नाही. एक थेंब जरी दिसला तरी तो व्हॉल्व्ह परत लेथवर. नाही दिसला की फोरमन खिशातला रुमाल काढून आधी कपाळ पुसायचे, मग जोड पुसायचे, आणि म्हणायचे, "चला, पास."

तिथे काम करता करता मी एक नवा व्हॉल्व्ह डिझाइन केला. आतली झडप जिथे येऊन टेकते, त्या जागेचा आकार मी बदलला होता. झीज कमी व्हायची आणि गळती जवळपास बंदच. दोन-तीन गिऱ्हाइकांनी नमुने नेले, त्यांना आवडले. शेठ खूश झाले. ते घाटकोपरचे गुजराती गृहस्थ, तरुणपणी एका लेथवर हा धंदा उभा केलेला, बोलणं अस्सल मुंबईच्या मराठीत. म्हणाले, "बेटा, आता आपण मोठं मशीन घेऊ. हाच व्हॉल्व्ह मोठ्या साइजमध्ये करू."

मोठ्या मशीनसाठी कर्ज लागणार होतं. शेठनी एका फायनान्स कंपनीत अर्ज केला आणि तिथून एक अधिकारी पाहणीला आली. माझ्याच वयाची मुलगी होती. गाळ्यात शिरताना तिने ओढणी नीट खोचून घेतली, मशीनच्या बाजूने चालताना कुठे हात लावू नये हे तिला माहीत होतं. शेठच्या केबिनमध्ये आम्ही बसलो. शेठ म्हणाले, "हिने बनवलाय. हीच सांगेल."

मी सांगितलं. मी तयारी केली होती. कापलेला नमुना टेबलावर ठेवून आतली झडप दाखवली, टेस्टचे निकाल दाखवले. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि मग विचारलं, "गिऱ्हाईक माल घेतल्यावर पैसे कधी देतं?"

मी शेठकडे बघितलं. शेठ म्हणाले, "देतात. जुने लोक आहेत."

"उशीर झाला तर तोवर ओतीव भाग पुरवणाऱ्या कास्टिंगवाल्याला पैसे कुठून देणार?"

मी म्हणाले, "पण या व्हॉल्व्हला मागणी येणारच. कारण तो गळत नाही." आणि पुन्हा टेस्टबद्दल बोलायला लागले.

तिने मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर शांतपणे म्हणाली, "व्हॉल्व्ह चांगला आहे, हे मला मान्य आहे. मी विचारतेय, धंदा चालेल का?"

ती उद्धट नव्हती, मला कमी लेखत नव्हती. तिने साधा प्रश्न विचारला होता आणि मला त्या प्रश्नात शिरायचं कुठून हेच कळत नव्हतं. ती गेल्यावर शेठनी चहा मागवला. मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण चहा पिताना ते सारखे दाराबाहेर, शॉपकडे बघत होते.

कर्ज मिळालं नाही. त्यानंतर शेठचा उत्साहच गेला. एक दिवस त्यांनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की गाळा विकायचा ठरवलाय. मुलगा कॅनडात, तो परत येणार नाही. स्वतःचे गुडघे गेले. जागेला भाव चांगला येतोय. सगळ्यांचं जे काय देणं आहे ते पूर्ण देणार, आणि त्यांनी ते दिलंही. कोणी भांडलं नाही. भांडायला कोणी वाईट माणूसच समोर नव्हता.

विक्रीच्या आधी मशीनची किंमत ठरवायला एक गृहस्थ आले. शेठनी मला त्यांच्याबरोबर फिरायला सांगितलं. मी प्रत्येक मशीनपाशी थांबून सांगत होते. हे बोरिंग मशीन जुनं आहे, पण याची अचूकता अजून नव्यासारखी आहे. या लेथचा बेड आम्ही मागच्याच वर्षी घासून घेतला. ते ऐकायचे, मान हलवायचे आणि टॅबवर काहीतरी टिपायचे. शेवटी मी विचारलं, "तुम्ही हे सगळं कुठे लिहिताय?"

ते थोडे ओशाळले. "मॅडम, माझ्याकडे फक्त चालू की बंद एवढंच विचारलंय. आणि वय."

जाताना दारात थांबून म्हणाले, "मी पण मेकॅनिकलच. बरीच वर्षं शॉपवर होतो." एवढंच बोलून ते रिक्षा शोधायला गेले.

शेवटच्या दिवशी काम काहीच नव्हतं. तरी फोरमननी संध्याकाळी रोजच्यासारखा लेथ पुसला, बेडवर तेलाचा हात फिरवला आणि वर प्लास्टिक टाकलं. ते मशीन भंगारात जाणार हे त्यांनाही माहीत होतं. मी बॅग घेऊन उभी होते. त्यांचं होईपर्यंत मला निघवेना.

आम्ही बोरीवलीला राहतो, पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला. आई, बाबा आणि मी. आजोबा कणकवलीकडून गिरणीत आले, गिरणी गेली. बाबा मुलुंडच्या एका मोठ्या कंपनीत मशीनिस्ट होते, मी शाळेत असताना तीही बंद पडली. त्यानंतर त्यांनी मिळेल ते काम केलं आणि मला इंजिनिअर केलं. त्यामुळे गाळा बंद झाला हे मी घरी सांगितलं तेव्हा रडारड झाली नाही. बाबा म्हणाले, "तुझ्या पण नशिबात आलं म्हणजे." आईने ताट वाढलं.

मी दुसरीकडे अर्ज केले आणि महिन्याभरात चाकणच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. मोठी कंपनी, डिझाइन विभाग, पगार आधीपेक्षा बरा. मुलाखत चांगली झाली, त्यांनी पत्रही दिलं. बाबा कितीतरी दिवसांनी मोकळे हसले. "कॅन्टीन असेल. न्यायला-आणायला बस असेल. मोठ्या कंपनीची गोष्टच वेगळी." त्यांनी गावी आत्याला फोन करून सांगितलं. मला रुजू व्हायला दीड-दोन महिन्यांची मुदत होती.

तेवढ्यात माझ्या डोक्यात भलतंच सुरू झालं होतं.

त्या अधिकारी मुलीचे प्रश्न मला सोडत नव्हते. आमच्या इथे एक अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षांची मुलं दिवसभर बसलेली असतात. घरी बसून आईच्या नजरेसमोर राहण्यापेक्षा मी तिथे जाऊन बसायला लागले. हिशेबशास्त्राचं कॉलेजच्या मुलांचं पुस्तक आणलं. सुरुवातीला अक्षरशः काही कळेना. मग मी एका मोठ्या व्हॉल्व्ह कंपनीचा वार्षिक अहवाल इंटरनेटवरून उतरवून घेतला आणि पुस्तक बाजूला ठेवून तोच वाचायला लागले. तिथे मला धागा सापडला. कारण त्या आकड्यांमागचा कारखाना मला दिसत होता. अर्धवट तयार माल म्हणून जी रक्कम लिहिली होती, ती म्हणजे कोपऱ्यात रचून ठेवलेली कास्टिंग, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तशी कास्टिंग मी रोज ओलांडून जात होते.

मग मी आमच्याच गाळ्याचं मांडायला बसले. मला आठवत होतं तेवढ्यावरून. कोणाकडून किती माल यायचा, किती दिवस पडून राहायचा, कोण पैसे थकवायचं. दोन-चार दिवस त्यात गेले. आणि जे निघालं ते बघून मी अभ्यासिकेतून उठून बाहेर येऊन उभी राहिले. कर्ज नाकारलं ते बरोबरच होतं. ते मोठं मशीन घेतलं असतं तर आम्ही वर्षभरातच बुडालो असतो, आणि शेठना लोकांचं देणंही देता आलं नसतं.

ते पचवणं जड गेलं. त्याहून जड दुसरी गोष्ट गेली. पुढे आणखी मांडत गेल्यावर मला दिसायला लागलं की मोठ्या मशीनची गरजच नव्हती. कोपऱ्यातला तो ढीग कमी केला असता, मोठ्या ऑर्डरवर थोडे पैसे आधी मागितले असते, आणि माझा व्हॉल्व्ह आहे त्याच साइजमध्ये विकला असता, तर गाळा कदाचित चालला असता. कदाचितच. पण त्या केबिनमध्ये हे बोलणारं कोणी नव्हतं. त्या मुलीला कास्टिंगचा ढीग कसा कमी करायचा हे माहीत नव्हतं आणि मला तो ढीग म्हणजे अडकलेला पैसा हे माहीत नव्हतं.

मी फायनान्सच्या मास्टर्सची माहिती काढली. मुंबईतच एका संस्थेत दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, नोकरी केलेल्या इंजिनिअरना घेत होते. प्रवेश परीक्षा मी घरी न सांगताच दिली. पास होईन असं वाटलं नव्हतं. झाले. मुलाखतीचं बोलावणं आल्यावर मात्र सांगणं भाग होतं.

जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे पुन्हा कॉलेज? आणि चाकण?"

"चाकणला नाही म्हणून कळवावं लागेल."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "कशाचं कॉलेज?"

"फायनान्स. पैशाचं, कंपन्यांचं…"

"फायनान्स म्हणजे काय ते माका कळता," बाबा म्हणाले. रागावले की ते मालवणीवर येतात. "कंपनी बंद करणाऱ्यांत जाऊन बसणार तू. त्या बाजूला."

आई पतपेढीत कारकून होती, मागच्याच वर्षी निवृत्त झालेली. तिला ते लागलं. "त्या बाजूला म्हणजे? मी एवढी वर्षं कर्जाच्या टेबलावर बसले. तेव्हा तुम्हाला कधी वाईट नाही वाटलं."

"तू बायकांना शिलाई मशीनला पैसे देत होतीस. कोणाचं काम बंद नव्हतीस करत."

"नाही कसं? कितीजणींना मी नाही म्हटलंय."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

बाबा उठून हात धुवायला गेले. त्यानंतर आठवडाभर त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. ते अबोला धरणारे नाहीत. त्यांना काय बोलावं ते सुचत नव्हतं, एवढंच.

त्याच आठवड्यात फोरमनचा फोन आला. त्यांना वसईला काम लागलं होतं. उत्साहात होते. "मॅडम, इथल्या मालकाला मी तुमचं नाव सांगितलंय. त्याला डिझाइनवाला पाहिजेच आहे. तुम्ही फक्त येऊन भेटा. आपण परत एकत्र."

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. पलीकडे वसईच्या शॉपचा आवाज येत होता, ग्राइंडरचा.

"म्हणजे हात काळे करायचं संपलं तुमचं," ते म्हणाले.

"तसं नाही, काका."

"नाही, बरोबर आहे. शिका. चांगलंय." आणि त्यांनी कोणीतरी हाक मारतंय म्हणून फोन ठेवला. कोणी हाक मारल्याचं मला ऐकू आलं नव्हतं.

त्या फोननंतर माझा धीर सुटला. चाकणला हो म्हणून टाकावं असं ठरवलंसुद्धा. हाताला येतंय ते सोडून मी कशाच्या मागे लागलेय, असं वाटायचं. एका बंद पडलेल्या गाळ्यासाठी आयुष्याची दिशा बदलायची? आणि तो गाळा तर परत येणार नाही. वर्गात माझ्यापेक्षा लहान मुलं असतील, लहानपणापासून कॉमर्स केलेली. मला जे येतं ते तिथे कोणाला नको असेल. आईला हे बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "घाबरून नको म्हणतेस की विचार करून, तेवढं बघ. मग काय ते कर." मला दोन्हींतला फरक कळेनासा झाला होता.

बाबा रोज सकाळी उद्यानात फिरायला जातात. शनिवारी ते चपला घालत असताना म्हणाले, "येतेस?"

आम्ही निघालो. आतल्या रस्त्यावर नेहमीचे फिरणारे होते, हसण्याचा वर्ग घेणारे म्हातारे होते. त्यांच्यापासून लांब गेल्यावर बाबा बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, चालता चालता.

"आमची कंपनी बंद करायची ठरली तेव्हा मी युनियनच्या कमिटीत होतो. तुला माहीत नसेल, तू लहान होतीस. मॅनेजमेंटने आम्हाला बोलावलं. एसी खोली. एक पोरगा होता, टाय लावलेला, पंचवीस-सव्वीसचा असेल. त्याने पडद्यावर एक रेघ दाखवली. अशी खाली येणारी." त्यांनी हाताने दाखवली. "म्हणाला, ही बघा, अशी परिस्थिती आहे. आम्ही सगळे रेघेकडे बघत बसलो. तिथे बसलेला एकेक माणूस असा होता, की मशीनच्या आवाजावरून सांगेल काय बिघडलंय. पण त्या रेघेला काय विचारायचं ते एकालाही कळेना."

"मग?"

"मग काय. आमच्यातला एकजण उठला आणि त्याला आईवरून शिव्या द्यायला लागला. आम्ही पण आवाज चढवले. तो पोरगा गप्प. पाणी प्यायला. त्याने एकदा पण आमच्याकडे मान वर करून बघितलं नाही. पडद्याकडे नाहीतर कागदाकडे." बाबा थांबले. धाप लागली होती. "बाय, तो पोरगा कोणाचा तरी चांगला शिकवलेला मुलगाच होता ना. त्याच्या बापाने पण त्याला कौतुकानेच शिकवलं असणार. म्हणून सांगतोय. तुका तसा झालेला माका बघवायचा नाय."

त्यांनी हे मला परत फिरवायला सांगितलं होतं. इतकी वर्षं कोणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी त्यासाठी बाहेर काढली होती. आणि मला त्यातून ऐकू येत होतं ते नेमकं उलटं. एवढी माणसं एका रेघेसमोर बसली आहेत आणि एकालाही ती वाचता येत नाही.

मी म्हणाले, "बाबा, तुमच्या बाजूला ती रेघ वाचणारं कोणी असतं तर?"

"तर काय? कंपनी चालू राहिली असती?"

"माहीत नाही."

"मग?"

परतताना फाटकापाशी त्यांनी शहाळं घेतलं, मलाही दिलं. म्हणाले, "तुका काय व्हया ता कर. मी सांगायचं ते सांगितलं."

सोमवारी, संस्थेच्या मुलाखतीची वाट न बघता, मी चाकणच्या कंपनीला नकार कळवला. कळवून झाल्यावर मला हलकं बिलकं काही वाटलं नाही.

मुलाखतीला समोर तिघेजण होते. इंजिनिअरिंग का सोडताय, असं विचारणार हे माहीत होतं. मी गाळ्याचं सगळं सांगितलं, कर्ज नाकारलं ते बरोबर होतं हेसुद्धा. त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "समजा उद्या तुम्ही त्या अधिकाऱ्याच्या जागी असाल आणि समोर तुमच्यासारखीच एक इंजिनिअर असेल. तुम्ही हो म्हणाल?"

मी म्हणाले, "आकडे तसेच असतील तर नाही म्हणेन. पण का नाही म्हणतेय आणि काय केलं तर हो म्हणता येईल, ते तिला कळेल असं सांगेन."

"तेवढा वेळ नसतो कोणाकडे," दुसरे गृहस्थ म्हणाले.

मला घेतलं. बाबांना सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले आणि पिशवी घेऊन बाजारात गेले. येताना माझ्या आवडीची सुरमई आणली. तेवढ्यावरून मी काही समजून घेतलं नाही. सोसायटीत कोणी विचारलं तर ते अजूनही "मुलगी इंजिनिअर आहे, आणखी शिकतेय" असंच सांगायचे. काय शिकतेय ते सांगायचे नाहीत.

ती दोन वर्षं सोपी गेली नाहीत. वर्गातली मुलं भराभर बोलायची आणि मला प्रत्येक शब्द आधी कुठल्यातरी मशीनवर नेऊन ठेवावा लागायचा, तेव्हा कुठे तो कळायचा. पहिल्या सहामाहीत एका विषयात मी कशीबशी सुटले. मालाडला एका मैत्रिणीकडे शनिवार-रविवार बसून आम्ही दोघी अभ्यास करायचो. ती मला हिशेब शिकवायची, मी तिला कारखान्यात माल कसा पुढे सरकतो ते सांगायचे. पण एक गोष्ट मला आत कुठेतरी लागत राहिली. माझ्या बोटांना येणारा तेलाचा वास गेला. आधी तो जावा म्हणून मी किती साबण घासायचे.

आता मी छोट्या कारखान्यांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीत काम करते. अंधेरीला ऑफिस आहे, पण निम्मा वेळ मी लोकांच्या गाळ्यांतच असते. पहिल्या काही प्रकरणांत मी हो म्हणू शकले. पहिला नकार भांडुपला द्यावा लागला. नवरा-बायको मिळून स्प्रिंगा बनवायचे, हाताखाली काही माणसं. काम सुबक, मशीन नीट राखलेली. पण एकाच गिऱ्हाइकावर सगळी मदार, आणि तेच गिऱ्हाईक पैसे थकवणारं. नकार ईमेलने कळवायची पद्धत आहे. मी स्वतः गेले.

मी बोलायला लागल्यावर तो माणूस मध्येच म्हणाला, "मॅडम, तुम्ही इंजिनिअर ना? मशीन बघितलंत ना आमचं?"

"बघितलं. मशीन खूप चांगलं आहे."

"मग अडलंय कुठे?"

मी सांगायला लागले. दुसरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत नवं मशीन का नको, या गिऱ्हाइकाकडून पैसे कसे लवकर मागता येतील, पडून राहिलेला माल आधी का संपवायचा. तो ऐकत नव्हता. उठून बाहेर गेला आणि दारात पाठमोरा उभा राहिला. त्याची बायको मात्र बसून राहिली. माझं बोलणं संपल्यावर तिने विचारलं, "हे सगळं केलं तर मिळेल?"

"मिळेल असं मी आज नाही सांगू शकत. पण मी पुन्हा येईन आणि पुन्हा बघेन."

तिने मान हलवली. तिला ते पटलं की माझी कीव आली, मला समजलं नाही.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते खिडकीशी पेपर घेऊन बसले होते.

"माणसं किती तिथे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"त्यांचं काय होणार?"

"माहीत नाही, बाबा."

"चाकणला असतीस तर हे तोंडावर सांगायची वेळ आली नसती."

"हो."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय."

"वाटू दे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, समजूतही नव्हती. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि आईला चहा टाकायला सांगितला.

पुढच्या शनिवारी मी भांडुपला गेले. ऑफिसचं काम म्हणून नाही, अशीच. नवरा नव्हता. बायकोने शटर अर्धं वर केलं, मला आत घेतलं आणि तारेची भेंडोळी दाखवली, भिंतीला लागून रचलेली, वरच्या काहींवर गंज चढायला लागला होता. म्हणाली, "यातलं आधी काय संपवू, सांगा." मी बॅग खाली ठेवली आणि आम्ही दोघी एकेक भेंडोळं बाजूला काढायला लागलो.